टाकीच्या दोन किल्ल्या

"लतीफ, खाली उतर," मी म्हणाले. "आणि तुझ्याजवळची किल्ली या बांधावर ठेव."

पोळा होऊन तिसरा दिवस होता. मुगाच्या मोकळ्या झालेल्या रानात आमचा लाल ट्रॅक्टर नांगरासकट मधोमध उभा होता. सकाळी दहाच्या सुमारास त्याने दोनदा धाप टाकली, एकदा खोकला, आणि मग जो गप्प झाला तो झालाच. लतीफने तासभर खटपट केली. ट्रॅक्टर ढिम्म.

लतीफ खाली उतरला. पंचविशीचा, सडपातळ, उदगीरच्या एका गॅरेजात वाढलेला पोरगा. त्याने खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि बांधावरच्या दगडावर ठेवली.

"अव्वा, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

"ते तूच सांगायचं. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक तुझ्याकडं, एक माझ्या कमरेला. मग टाकीत घासलेट गेलं कुठून?"

घासलेटाचा शोध माझा नव्हता. तो लावला होता आमच्या धाकट्या भावजींनी. मडोळप्पा भावजी छत्री उघडून बांधावर असे उभे होते, जणू शेजारच्या गावाहून तमाशाला आले आहेत.

"ट्रॅक्टर घेतला त्या दिवशीच मी म्हणलो होतो, वैनी," ते म्हणाले. "डिझेल विकायचं आन् घासलेट भरायचं. ड्रायव्हर लोकांचा धर्मच हाय त्यो. बाईमाणसाला कसं कळणार?"

"भावजी, उन्हात उभे राहू नका," मी म्हणाले. "बोलणं सावलीतूनही ऐकू येतं."

माझे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मुलगा नांदेडला शिक्षक होता, त्याला शेतीत रस नव्हता. सून महानंदा माझ्यापाशी असे. साठ एकरांचा कारभार मी एकटीने उचलला, आणि चौऱ्याहत्तर साली पंचक्रोशीतल्या सगळ्या पुरुषांच्या नाकावर टिच्चून ट्रॅक्टर दारात आणला. टाकीला कुलूप बसवण्याची कल्पनाही माझीच. गावच्या लोहाराने झाकणाला कडी ठोकून दिली. कोठारापासून देवघरापर्यंत ज्या घरातल्या प्रत्येक वस्तूची किल्ली माझ्या कमरेला होती, त्या घरातला ट्रॅक्टर उघडा कसा राहील?

लतीफ आला त्या पहिल्या दिवशी त्याने मला ट्रॅक्टरभोवती फिरवून आणले होते. "अव्वा, ह्याला चार तोंडं आहेत. ह्या तोंडात डिझेल, ह्यात इंजिनचं तेल, ह्यात हायड्रॉलिकचं तेल, आणि समोरच्या तोंडात पाणी. एकाचा घास दुसऱ्याला चालत नाही. आणि घरातलं काहीच कुठल्या तोंडात चालत नाही." पंचेचाळीस वर्षांच्या, दोन पिढ्यांना वाढून जेवू घातलेल्या बाईला कोणाच्या तोंडात काय घालावे हे एका पोराने शिकवावे, याचा मला त्या दिवशी राग आला होता. मी मान हलवली. ऐकले मात्र अर्धेच.

"घासलेट नाही, अव्वा," लतीफ आता म्हणत होता. "डिझेलला स्वतःचा ओशटपणा असतो. पंपातलं लोखंड त्याच्यावरच घसरतं. घासलेट कोरडं. ते घातलं की पंप आतून घासतो, मरतो. मी माझ्या हातानं माझ्या गाडीचा गळा दाबीन का?"

"माझ्या गाडीचा," मी म्हणाले.

"होय. तुमच्या गाडीचा."

ट्रॅक्टरमागे ढेकळे फोडणारी माणसे थांबून ऐकत होती. इतक्या लोकांदेखत माझा शब्द मागे घेण्याजोगा नव्हता, आणि मला तो घ्यायचाही नव्हता. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "लातूरहून नरहरी मिस्त्रीला बोलवा. टाकी सर्वांदेखत उघडली जाईल. ज्याने माझ्या ट्रॅक्टरच्या पोटात भलतेसलते घातले असेल, त्याने याच बांधावर सगळ्यांसमोर दोन्ही कान धरावेत. आणि तो लतीफ असेल, तर त्याने सूर्य मावळायच्या आत हे गाव सोडावे."

लतीफचा चेहरा उतरला. गाव सोडण्याचे त्याला काही नव्हते. तो मुळात आमच्या गावचा नव्हताच. पण एकदा घासलेटाचा डाग लागला की उदगीरपासून औशापर्यंत कोणी त्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. हे त्याला ठाऊक होते, आणि मलाही.

मिस्त्रीला आणायला एक गडी मिळेल त्या बसने गेला. दुपारची भाकरी रानातच आली. महानंदा टोपले घेऊन आली, तिने सर्वांना वाढले. लतीफ बाभळीखाली बसला होता, त्याने हात पुढे केला नाही. त्याच्याजवळ आमचा म्हातारा सालगडी ग्यानबा बसला होता. ग्यानबाने तीस वर्षे आमचे बैल सांभाळले. ट्रॅक्टरला तो लोखंडाचा रेडा म्हणे आणि त्याच्या वाटेलाही जात नसे. तो लतीफची बाजू घेईल असे कोणालाही वाटले नसते.

"खा रं लेकरा," ग्यानबा त्याला म्हणत होता. "उपाशी राहून कुणाचं खरं झालंय? रेडा रुसला म्हणून तू कशाला रडूलालास?"

"रडत नाही, काका. धूळ गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत एकदम?"

मीही जेवले नाही. ज्याच्यावर आरोप ठेवला आहे तो समोर उपाशी असताना आपण घास घेणे मला प्रशस्त वाटले नाही. महानंदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अव्वा, एक विचारू?"

"विचार."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "काही नाही. ताक देऊ का?"

तीनच्या ठोक्याला नरहरी मिस्त्री मोटारसायकलवरून उतरला. पोट सुटलेला, मिश्या तेलाने माखलेल्या, जगातल्या कोणत्याही यंत्राला न घाबरणारा माणूस. माझ्यासमोर त्याने विडी मात्र विझवली.

"राम राम अव्वा. काय म्हणतो तुमचा लाल गडी?"

"तोच तर काही म्हणत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

भावजी छत्री घेऊन पुढे आले. "मिस्त्री, घासलेट शोधा घासलेट. उगं इकडं तिकडं पान्हे फिरवू नका."

"अप्पा, रोग मी शोधतो, तुम्ही छत्री धरा," मिस्त्री म्हणाला. "पान्ह्यावर सावली पडू द्या."

भावजींनी खरोखरच छत्री धरली. त्या दिवशी त्यांचा तेवढा उपयोग झाला.

मिस्त्रीने माझ्याकडून पाणी प्यायचा काचेचा पेला मागून घेतला. टाकीखालची नळी सोडवून त्यात डिझेल घेतले. नाकाशी नेले. दोन बोटे बुडवून एकमेकांवर चोळली आणि बोटे भावजींच्या तोंडासमोर धरली. "बघा, अप्पा. बोट बोटावरून कसं सरकतं. घासलेट असतं तर कोरडं पडलं असतं, वासही भपकन आला असता. यात घासलेटाचा थेंब नाही."

लतीफने इतक्या जोरात श्वास सोडला की तो मला ऐकू आला.

"मग बंद का पडला?" मी विचारले. खरे सांगते, माझा आवाज थोडा खाली आला होता.

"थांबा. पेला हलवू नका. सगळं बोलतं, फक्त त्याला निवळू द्यावं लागतं."

पेला बांधावरच्या दगडावर, लतीफच्या किल्लीशेजारी ठेवला. दहा माणसे त्या पेल्याभोवती अशी उभी राहिली, जशी पंचांग ऐकायला उभी राहतात. हळूहळू तळाशी काहीतरी बसू लागले. आधी बारीक रेघ, मग बोटभर थर. पिवळा.

मिस्त्रीच्या भुवया वर गेल्या. त्याने पान्हा घेतला आणि फिल्टरचे भांडे उघडले. आतला फिल्टर त्याने दोन बोटांत धरून उन्हात वर केला. तो लिंपल्यासारखा पिवळाधमक होता. चिकट, दाट, लखलखीत.

मग मिस्त्री खो खो हसत सुटला.

"अव्वा, तुमच्या ट्रॅक्टरला हळद लागलीय! नवरी कोणत्या गावची?"

सगळे रान हसले. ढेकळे फोडणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीने "शुभमंगल सावधान" म्हटलेही. मिस्त्रीने फिल्टर नाकाशी नेला, डोळे मिटले.

"आणि घाण्यावरचं करडीचं तेल. ताजं. असं तेल आमच्या घरात सणालाच येतं हो. भजी तळायची सोडून हे इथं कुणी ओतलं?"

हळद आणि करडीचे तेल. मी बांधावर बसले. लोकांना वाटले, ऊन लागले.

"हे तर बैलाचं औषध," भावजी म्हणाले. "पोळ्याला पाजतात ते." आणि सगळ्यांच्या माना एकदम ग्यानबाकडे वळल्या. पोळ्याला आमच्या बैलांना बांबूच्या नळ्याने हळद घातलेले तेल पाजण्याचा मान तीस वर्षे त्याचाच होता.

ग्यानबा उठला. धोतर झटकले. माझ्याकडे एकदा पाहिले आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"व्हय," तो म्हणाला. "म्या घातलं."

"तुम्ही?" मिस्त्री म्हणाला. "कुलूप होतं ना?"

"लतीफकडनं किल्ली मागून घेतली व्हती."

लतीफने चमकून म्हाताऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे. त्या पोराला सगळे कळले. मला दिसत होते की कळले. सकाळपासून मी त्याला चोर म्हणत होते. एका वाक्यात त्याला त्याची परतफेड करता आली असती. पण तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "होय. काकांनी मागितली, मी दिली. विसरलो होतो."

"बघा!" भावजी छत्री आपटत म्हणाले. "दोघं मिळालेले. वैनी, कान धरायला लावा म्हाताऱ्याला!"

आणि ग्यानबाने हात कानांकडे नेलेही.

माझी सत्तर वर्षांची सासू मरताना मला म्हणाली होती, "नीलव्वा, घरात हुकूम चालवायचा असेल तर आधी तो स्वतःवर चालवून बघ." ते वाक्य तोपर्यंत मी सुनेला ऐकवण्यासाठी जपून ठेवले होते.

"ग्यानबा, हात खाली घे," मी म्हणाले.

"पर अव्वा..."

"खाली घे म्हणते ना! तीस वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोललास, आणि तेही धड बोलता आलं नाही. लतीफ, तूसुद्धा. खोटं बोलायला निदान शीक, नाहीतर बोलू नकोस."

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितले.

पोळ्याच्या दिवशी मी पहाटेच उठले होते. आठ बैलांना तेल पाजायचे होते. मी महानंदाला माप देऊन तेल काढायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली होती, "अव्वा, नऊ मापं? बैल तर आठच ना?" मी म्हणाले, "मला मोजता येतं." ग्यानबा गोठ्यात बैल धूत होता. आठ बैलांचे आठ नळे त्याच्यासाठी भरून ठेवले आणि नववे माप घेऊन मी ट्रॅक्टरपाशी गेले. वर्षभर त्या बिचाऱ्याने एकट्याने चार जोड्यांचे काम ओढले होते. सण त्याचाही नव्हता का? बैलांना तेल, पुरणपोळी, झूल. आणि त्याच्या गळ्यात नुसता झेंडूचा हार घालून वाटेला लावायचे? माझ्या घरात पंक्तिभेद मी कधी होऊ दिला नाही. मी माझ्या किल्लीने कुलूप काढले, चांगली मूठभर हळद तेलात कालवली, आणि मोठ्या मायेने सगळे माप त्याच्या तोंडात ओतले. त्याच्या कपाळाला कुंकू लावले. मला वाटले, तो तृप्त झाला.

लतीफला बोल लावताना मला ती पहाट आठवली नाही. ते पाप नव्हते, पूजा होती. आणि पूजेने कोणाचे पोट बिघडते हे मला कोणी शिकवले नव्हते. शिकवले होते म्हणा, त्या पोराने पहिल्याच दिवशी. मी अर्धे ऐकले होते.

"म्हणजे वैनी..." भावजींचे तोंड उघडे राहिले. "तुम्ही?"

"होय भावजी, मी. आता छत्री मिटा आणि नीट बघा. गावात सांगताना चूक व्हायला नको."

मी बांधावर मधोमध उभी राहिले, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले.

मग ढेकळे फोडणाऱ्या बायकांतली सगळ्यांत म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "बास करा अव्वा. कानातली कुडी निसटून पडंल मातीत." तेव्हा आधी हसले ती मीच. मग मात्र रानात एकही माणूस हसायचा राहिला नाही. महानंदा तर हसता हसता टोपल्यावर बसली.

हसणे ओसरल्यावर मी ग्यानबाला विचारले, "तू बघितलं होतंस ना मला?"

"व्हय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, रेड्याच्या पुस्तकात तसं लिव्हलं असंल," ग्यानबा म्हणाला. "आन् अव्वांनी केलं म्हंजी बरूबरच असंल."

या वाक्याने मला कान धरण्यापेक्षा जास्त लाज आणली.

नरहरी मिस्त्रीने दोन तास काम केले. टाकी रिकामी करून आतून धुतली, नळ्या फुंकल्या, नवा फिल्टर बसवला. तो म्हणत होता, "फिल्टरनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं म्हणून पंप वाचला. हळद तिथंच अडली. पुढं गेली असती तर ट्रॅक्टरची वरात थेट भंगारात." लतीफने नवे डिझेल बारीक जाळीतून गाळून भरले आणि नळीतली हवा काढली. सूर्य टेकायला अजून हातभर अवकाश असताना ट्रॅक्टरने एक काळा ढेकर दिला आणि धडधडू लागला. सूर्य मावळायच्या आत कोणाला तरी निघायचे होते. निघाले ते भावजी, छत्री काखेत मारून.

मी दगडावरची किल्ली उचलली. कमरेच्या जुडग्यातून माझी किल्ली सोडवली. दोन्ही लतीफपुढे धरल्या.

"घे. यापुढे दोन्ही तुझ्याकडे."

लतीफने आपली किल्ली घेतली. माझी घेतली नाही.

"अव्वा, तुमची तुमच्याकडंच राहू द्या," तो म्हणाला. चेहरा गंभीर होता, पण डोळे नव्हते. "फक्त पोळ्याच्या दिवशी तेवढी माझ्याकडं देत जा."

त्या दिवसापासून मी त्याची विद्यार्थिनी झाले. अर्धे नव्हे, पूर्ण ऐकू लागले. ड्रम आणला की तो एक दिवस निवांत उभा ठेवायचा, तळाचे दोन बोटे डिझेल कधी उपसायचे नाही. पाणी आणि गाळ तिथेच दडतो. जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात डिझेल साठवायचे नाही. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या टाकीत पहाटेचा गारवा पाणी धरत नाही. इंजिनचे तेल पुस्तकात लिहिलेल्या क्रमांकाचेच, शेजाऱ्याकडे उरले म्हणून उसने नाही. आमच्या विहिरीचे पाणी जड. त्याने भांड्यांना पांढरे पापुद्रे धरतात हे मला तीस वर्षे ठाऊक होते, पण तेच पापुद्रे रेडिएटरला धरतात हे लतीफने सांगितल्यावर मीच ट्रॅक्टरसाठी पावसाचे पाणी रांजणात साठवू लागले. त्या रांजणाला हात लावण्याची परवानगी देवालाही नव्हती.

तो ट्रॅक्टर बावीस वर्षे चालला. नंतर आणखी दोन आले, त्यांची तोंडे वाढली, पुस्तके जाड झाली. लतीफचे केस पिकले, उदगीरला त्याचे स्वतःचे गॅरेज झाले. तरी पोळ्याला तो सकाळीच येतो. मी कमरेची किल्ली सोडून त्याच्या हाती देते, आणि तो ती दिवसभर वरच्या खिशात ठेवतो. ट्रॅक्टरला झेंडूचा हार असतो, कुंकू असते. पुरणपोळीचा नैवेद्य बॉनेटवर ठेवला जातो, वर तुपाची धार. आरती झाली की लतीफ तो उचलतो आणि तिथेच उभ्याने, माझ्याकडे पाहत, शेवटच्या घासापर्यंत स्वतः खातो.